चुनखडी, भट्टी आणि भिंत: अभिक्रियेतील एन्थॅल्पीचा हिशोब कसा लावावा?

परीक्षानळी (धागाकर्ती)

नमस्कार. मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते. दर वर्षी ऊष्मागतिकीचे प्रकरण आले की एक गोष्ट हमखास दिसते. डेल्टा एच, म्हणजे एन्थॅल्पीतला (स्थिर दाबाला उष्णतेच्या हिशोबासाठी धरतात त्या ऊर्जेतला) बदल, ऋण असेल तर अभिक्रिया ऊष्मादायी आणि धन असेल तर ऊष्माग्राही, हे मुलांना पाठ असते आणि हेसच्या नियमावरची (अभिक्रिया कोणत्याही टप्प्यांनी केली तरी एकूण उष्णता तीच, यावरची) गणितेही ती बिनचूक सोडवतात, परंतु "ही उष्णता आधी होती कुठे?" असे विचारले की सगळा वर्ग वहीत डोके खुपसतो.

यंदा एका विद्यार्थिनीने उलट मलाच प्रश्न केला. चुनखडी भाजून कळीचा चुना करायला भट्टीत एवढा कोळसा जाळावा लागतो, मग त्याच चुन्यावर नुसते पाणी ओतले की तो उकळायला का लागतो, आणि ती उष्णता पाण्यातून येते की चुन्यातून, असे तिने विचारले. वर्गात मी तिला थोडक्यात उत्तर दिले, पण हा प्रश्न थोडक्यात संपण्यासारखा नाही. येथील जाणकारांनी हेच उदाहरण धरून, शक्यतो आकड्यांसह लिहावे, अशी विनंती आहे. सूत्रे पुस्तकात आहेतच. त्यांच्यामागचा हिशोब मला हवा आहे.

हिशोबनीस

विद्यार्थिनीचा प्रश्न उत्तम आहे, कारण चुन्याच्या या एका उदाहरणात जवळजवळ सगळे प्रकरण सामावते.

आधी शून्य कुठे धरले आहे ते पाहू. कोणत्याही पदार्थात एकूण एन्थॅल्पी किती आहे हे मोजता येत नाही. मोजता येतो तो फक्त दोन अवस्थांमधला फरक. म्हणून सोयीसाठी असे ठरवलेले आहे की मूलद्रव्य १ बार दाबाखाली आपल्या सर्वांत स्थिर रूपात असेल, तर त्याची प्रमाण निर्मिती एन्थॅल्पी शून्य मानायची. कॅल्शिअम धातू, ग्रॅफाइट, ऑक्सिजन वायू आणि हायड्रोजन वायू हे सगळे शून्यावर. त्यांच्यापासून एक मोल (कणांची एक ठराविक प्रचंड संख्या) संयुग तयार होताना जो फरक पडतो, ती त्या संयुगाची निर्मिती एन्थॅल्पी. २५ अंश सेल्सिअसला चुनखडीसाठी, म्हणजे कॅल्शिअम कार्बोनेटसाठी, हा आकडा उणे १२०६.९ किलोज्यूल प्रतिमोल आहे. कळीच्या चुन्यासाठी, म्हणजे कॅल्शिअम ऑक्साइडसाठी, तो उणे ६३५.१, विरलेल्या चुन्यासाठी, म्हणजे कॅल्शिअम हायड्रॉक्साइडसाठी, उणे ९८६.१, कार्बन डायऑक्साइडसाठी उणे ३९३.५ आणि द्रवरूप पाण्यासाठी उणे २८५.८ आहे.

आता उत्पादितांच्या बेरजेतून अभिक्रियाकारकांची बेरीज वजा करायची. भट्टीत चुनखडीचा कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड होतो, तेव्हा उत्तर अधिक १७८.३ येते, म्हणजे प्रत्येक मोलामागे तेवढे किलोज्यूल बाहेरून द्यावे लागतात. कळीचा चुना पाण्याने विझवला की उणे ६५.२ मिळतात. विरलेला चुना भिंतीवर लावल्यावर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि पाणी सोडून पुन्हा चुनखडीच होतो, त्या टप्प्याला उणे ११३.१ मिळतात. हे दोन आकडे एकत्र केले की १७८.३ होतात. भट्टीने जेवढे घातले तेवढेच दोन हप्त्यांत परत आले: पहिला हप्ता चुना विझवण्याच्या हौदात, दुसरा भिंतीवर.

येथे एक सावधगिरी घ्यायला हवी. तिन्ही आकडे मी एकाच तक्त्यावरून काढले आहेत, त्यामुळे त्यांची बेरीज शून्य येणारच. तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. खरी गोष्ट ही की हे टप्पे निरनिराळ्या पद्धतींनी मोजले तरी प्रयोगाच्या अचूकतेच्या मर्यादेत हिशोब जुळतो. जिनिव्हात जन्मलेल्या आणि सेंट पीटर्सबर्गला काम केलेल्या जर्मेन हेन्री हेस यांनी १८४० मध्ये हेच दाखवले. त्यांनी सल्फ्युरिक आम्ल निरनिराळ्या प्रमाणांत आधी पाण्याने विरळ केले आणि मग त्याचे अमोनियाने उदासिनीकरण केले. विरळ करतानाची उष्णता वेगवेगळी आली, उदासिनीकरणाचीही वेगवेगळी आली, परंतु दोन्हींची बेरीज कायम राहिली. मायर आणि ज्यूल यांचे ऊर्जेच्या अक्षय्यतेवरील लेखन १८४२ आणि १८४३ मधले, म्हणजे हेस यांच्या नंतरचे आहे, हे मुलांना आवर्जून सांगावे. पुस्तकात हेसचा नियम ऊष्मागतिकीच्या पहिल्या नियमाचा, म्हणजे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा, उपसिद्धान्त म्हणून येतो, इतिहासात तो आधी आला.

उष्णता पाण्यातून येते की चुन्यातून, याचे उत्तर "दोन्हींपैकी कशातूनही नाही" असे आहे. कॅल्शिअम ऑक्साइडमधला ऑक्साइड आयन पाण्याच्या रेणूतील एक प्रोटॉन ओढून घेतो आणि दोघांचे मिळून दोन हायड्रॉक्साइड आयन होतात. ही नवी मांडणी जुन्या दोन्ही मांडण्यांच्या बेरजेपेक्षा ६५.२ किलोज्यूलने खालच्या पातळीवर आहे, आणि तो फरक भोवतालाला मिळतो. उष्णता चुन्यात भरून ठेवलेली नव्हती. आधीची आणि नंतरची अवस्था यांच्यातला तो फरक आहे.

वाडा_दुरुस्ती

मी रसायनशास्त्राचा माणूस नाही, पण जुन्या वाड्यांच्या आणि मंदिरांच्या दुरुस्तीची कामे करतो आणि चुना विझवणे हे आमचे नित्याचे काम आहे. वरचा हिशोब वाचून दोन शंका विचारतो.

पहिली शंका अशी. हौदातल्या पाण्यात कळ्या टाकल्या की काही क्षण काहीच होत नाही. मग कळीला भेगा पडतात, ती फुगते, फुटते आणि एकाएकी सगळे पाणी खदखदू लागते; वाफ एवढी येते की पलीकडचा माणूस दिसत नाही. नवीन पोराला आम्ही पहिल्याच दिवशी बजावतो की पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर थोडे थोडे पाणी शिंपडत बसायचे नाही, आणि तोंड हौदावर न्यायचे नाही. ६५ किलोज्यूल ऐकायला लहान वाटते, त्यात एवढा उकळा कसा येतो?

दुसरी शंका अशी की तुमच्या हिशोबाप्रमाणे भिंतीवरचा हप्ता हौदातल्या हप्त्यापेक्षा जवळजवळ पावणेदोन पट मोठा आहे. इतकी वर्षे चुन्याचा गिलावा करतो आहे, पण भिंत गरम झालेली एकदाही हाताला लागलेली नाही. ती उष्णता जाते कुठे?

हिशोबनीस

पहिल्या शंकेचे उत्तर मोलवरून किलोवर आलो की लगेच मिळते. कॅल्शिअम ऑक्साइडचे एक मोल म्हणजे अवघे ५६ ग्रॅम. एक किलो कळीच्या चुन्यात साधारण १७.८ मोल असतात, म्हणून चुना शुद्ध धरला तर एक किलोमागे सुमारे ११६० किलोज्यूल बाहेर पडतात.

समजा, एक किलो चुना ३० अंशांच्या अडीच लिटर पाण्यात टाकला. त्यातले सुमारे ३२० ग्रॅम पाणी अभिक्रियेत खर्च होते आणि जवळजवळ २.१८ लिटर उरते. एवढे पाणी उकळबिंदूला नेण्यासाठी सुमारे ६४० किलोज्यूल लागतात, तयार झालेला १.३२ किलो विरलेला चुना तितकाच तापवण्यासाठी आणखी ११० च्या आसपास लागतात. ही बेरीज ७५० झाली. उरलेल्या ४१० किलोज्यूलांना पाण्याची वाफ करण्याखेरीज दुसरे कामच नाही, आणि तेवढ्यात १८० ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ होते. हौदाच्या भिंतींनी आणि हवेने काही उष्णता ओढून घेतली तरी उकळा फुटायला भरपूर शिल्लक राहते. पाणी याहून कमी असेल तर तापमान १०० च्या पुढेही जाते, कारण ते उकळबिंदूवर धरून ठेवणारे पाणीच उरत नाही. कोरड्या कळीवर पाणी शिंपडू नये हा तुमचा दंडक याच हिशोबाचा आहे. डोळ्यांना चष्मा हवाच. उडालेला थेंब गरम असतो आणि वर तीव्र अल्कधर्मीही असतो.

दुसरी शंका अधिक महत्त्वाची आहे. भिंतीवर एक किलो कळीच्या चुन्यामागे सुमारे २००० किलोज्यूल बाहेर पडतात, यात वाद नाही. परंतु हवेत कार्बन डायऑक्साइड दर दहा हजार भागांत चार भागांच्या आसपास असतो आणि तो गिलाव्याच्या छिद्रांतून आत झिरपत जावा लागतो. वरचा पापुद्रा लवकर पालटतो, आतल्या थराला महिने आणि जाड भिंतीच्या गाभ्याला कितीतरी वर्षे लागतात. दोन हजार किलोज्यूल एका वर्षात समान विभागले तर सेकंदाला ०.०६ ज्यूलच्या आसपास पडतात. ऊन, वारा आणि गिलाव्यातले वाळणारे पाणी यांच्यापुढे ते हाताला कळणे शक्यच नाही.

येथून मुलांना सांगण्याजोगे पुष्कळ निघते. एन्थॅल्पी बदल किती, हे अभिक्रिया किती वेगाने होईल यावर अवलंबून नसते, आणि वेगाविषयी तो आकडा चकार शब्द काढत नाही. भट्टीत जास्त भाजलेली कळी सावकाश विरते हे आपण पाहिले असेलच. तिच्या किलोमागची एकूण उष्णता बहुतांशी तीच असते, पण कण घट्ट झाल्यामुळे पाणी आत शिरायला वेळ घेते.

वाडा_दुरुस्ती

पाहिले आहे. म्हणून तर विझवलेला चुना चाळून पुढे बरेच दिवस पाण्याखाली मुरू द्यायचा असतो. न विरलेला खडा गिलाव्यात गेला तर तो भिंतीत विरतो, फुगतो आणि वरचा पापुद्रा उडवून लावतो. आपल्या उत्तराने दोन्ही गोष्टी एका धाग्यात आल्या, आभारी आहे.

बांधावरून

माझा प्रश्न याच्या उलट टोकाचा आहे. फवारणीसाठी युरिया पाण्यात विरघळवताना बादली गार पडते, हे कोणताही शेतकरी सांगेल. जरा दाट द्रावण केले तर बादलीच्या बाहेरून दव धरते. कोणी जाळ लावत नाही, कोणी जोर करत नाही, तरीही युरिया भोवतालची उष्णता घेऊन आपण होऊन विरघळतो. शाळेत आम्हाला असे शिकवले होते की पदार्थ कमी ऊर्जेकडे जातात. मग हा वर कसा चढतो?

कोरडा_बर्फ

शाळेत जे सांगितले गेले ते एकेकाळी मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांचेही मत होते. पॅरिसचे मार्सेलँ बर्थेलो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे प्रतिपादन केले की रासायनिक बदल सर्वाधिक उष्णता बाहेर पडेल त्या दिशेने जातात, आणि कोपनहेगनचे युलिउस थॉमसन यांनीही त्याच धर्तीचा विचार मांडला होता. दोघांनी केलेली उष्णतेची मोजमापे आजही आदराने पाहावीत अशी आहेत, परंतु हा निष्कर्ष टिकला नाही. तो पाडायला आपली युरियाची बादली पुरेशी आहे.

आधी आकडा पाहू. युरियाचे एक मोल म्हणजे ६० ग्रॅम, आणि ते पाण्यात विरघळताना सुमारे १५ किलोज्यूल शोषले जातात. एक किलो युरिया पाच लिटर पाण्यात टाकला तर सुमारे २५० किलोज्यूल पाण्यातून जातात आणि द्रावणाचे तापमान साधारण १० अंशांनी खाली येते. पावसाळी हवेत बादलीवर दव धरायला तेवढे पुरते. प्रत्यक्ष फवारणीच्या विरळ द्रावणात ही घट एखाद्या अंशाची असते, म्हणून ती जाणवत नाही.

हे आपोआप का घडते? कारण बदलाची दिशा एन्थॅल्पी एकटी ठरवत नाही. स्फटिकात जागच्या जागी बसलेले युरियाचे रेणू पाण्यात मोकळे होतात, तेव्हा त्यांच्या संभाव्य मांडण्यांची संख्या प्रचंड वाढते. हीच एन्ट्रॉपीची वाढ. स्थिर तापमानाला आणि दाबाला जी राशी कमी व्हावी लागते ती गिब्ज ऊर्जा, आणि तिचा बदल म्हणजे एन्थॅल्पी बदलातून निरपेक्ष तापमान गुणिले एन्ट्रॉपी बदल वजा केल्यावर जे उरते ते. युरियाच्या बाबतीत दुसरे पद पहिल्यावर मात करते.

हेच सूत्र चुन्याच्या भट्टीला लावून पाहा, म्हणजे धाग्याचा विषय सुटणार नाही. चुनखडी फुटताना घन पदार्थातून वायू मोकळा होतो, त्यामुळे एन्ट्रॉपी प्रतिमोल सुमारे १६० ज्यूल प्रतिकेल्व्हिन वाढते. २५ अंशांना, म्हणजे २९८ केल्व्हिनला, या पदाची किंमत फक्त ४८ किलोज्यूल होते आणि ती १७८ पुढे फिकी पडते. म्हणून चुनखडीचे डोंगर जागच्या जागी आहेत. तापमान वाढवत नेले की हे पद वाढत जाते आणि १७८.३ ला १६०.५ ज्यूलने भागल्यास सुमारे १११० केल्व्हिनला, म्हणजे ८४० अंशांच्या आसपास, दोन्ही पदे समान होतात. प्रत्यक्षात कार्बन डायऑक्साइडचा दाब एक वातावरण होण्यासाठी ९०० अंशांच्या जवळपास जावे लागते. हा फरक पडतो, कारण आपण २५ अंशांचे आकडे जसेच्या तसे वर नेले. वास्तविक एन्थॅल्पी आणि एन्ट्रॉपी यांचे बदलही तापमानानुसार थोडे सरकतात. दोनतीन ओळींच्या हिशोबासाठी एवढी जवळीक मला तरी समाधानकारक वाटते.

मितभाषी

कोरडा_बर्फ यांच्या प्रतिसादाला पुस्ती. भट्टीत हवा खेळती ठेवली तर कार्बन डायऑक्साइड साचत नाही आणि ९०० च्या खालीही चुनखडी फुटत राहते. मात्र प्रत्येक मोलामागे १७८ च्या आसपास किलोज्यूल द्यावेच लागतात. भाता मारून ते वाचत नाहीत.

बारावी_ब

मी विद्यार्थी आहे आणि मला दुसरीच अडचण आहे. जीवशास्त्रात आम्हाला शिकवतात की एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूमधला उच्च ऊर्जेचा बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते. रसायनशास्त्रात सांगतात की बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते. दोन्ही विषयांत गुण हवे असल्याने मी दोन्ही उत्तरे लिहितो, पण खरे कोणते?

परीक्षानळी

रसायनशास्त्रातले. कोणताही बंध तोडायला ऊर्जा द्यावीच लागते, आणि याला अपवाद नाही. एटीपीच्या बाबतीत पाण्याबरोबर पूर्ण अभिक्रिया होते. जुने बंध तुटतात तसे नवे बंध जुळतात आणि तयार झालेले आयन पाण्याच्या रेणूंनी घट्ट वेढले जातात. या सगळ्याची बेरीज ऋण येते. जीवशास्त्राच्या पुस्तकात जागा वाचवण्यासाठी तो सगळा व्यवहार एका "बंध तुटतो" या वाक्यात कोंबलेला असतो. परीक्षेत दोन्हीकडे लिहिण्याजोगे वाक्य हवे असेल तर "एटीपीच्या जलअपघटनात ऊर्जा मुक्त होते" असे लिहावे.

आकड्यांनी पाहायचे तर मिथेनचे ज्वलन घे. एका मिथेन रेणूत कार्बन आणि हायड्रोजन यांचे चार बंध आहेत आणि प्रत्येकाची सरासरी बंध एन्थॅल्पी ४१३ आहे. दोन ऑक्सिजन रेणूंमधील दुहेरी बंध प्रत्येकी ४९८ चे आहेत. सगळे तोडायला १६५२ आणि ९९६ मिळून २६४८ किलोज्यूल द्यावे लागतात. आता नवे बंध: कार्बन डायऑक्साइडमधील दोन दुहेरी बंध प्रत्येकी ७९९ चे आणि पाण्याच्या दोन रेणूंमधील चार बंध प्रत्येकी ४६३ चे, म्हणजे एकूण ३४५० किलोज्यूल परत येतात. निव्वळ उत्तर उणे ८०२. तोडताना खर्च झालाच होता. जुळताना त्याहून जास्त मिळाले, म्हणून गॅस पेटतो तेव्हा आपल्याला उष्णता मिळते. ठिणगी कशाला लागते तेही यातूनच लक्षात येईल, कारण पहिला खर्च कुणीतरी करावा लागतो.

बारावी_ब

मॅडम, पण पुस्तकाच्या तक्त्यात मिथेनची ज्वलन एन्थॅल्पी उणे ८९० दिली आहे. ८८ चा फरक खूप मोठा आहे. सरासरी आकडे घेतल्यामुळे एवढी चूक येते का?

हिशोबनीस

उत्तम पकडले. चूक नाही, दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते दोन वेगळ्या अभिक्रियांचे आहेत. बंध एन्थॅल्पी वायुरूप रेणूंसाठी असतात, त्यामुळे ८०२ मध्ये पाणी वाफेच्या रूपात आहे. तक्त्यातील ८९० मध्ये पाणी द्रवरूप धरलेले आहे. २५ अंशांना एक मोल वाफ द्रव होताना ४४ किलोज्यूल देते, दोन मोलांचे ८८ होतात, आणि तुझा फरक तंतोतंत मिळतो. मात्र सरासरी बंध एन्थॅल्पीवरून काढलेले उत्तर इतके चपखल जुळणे हा येथे थोडा दैवयोगही आहे. बहुतेक रेणूंमध्ये काही किलोज्यूल इकडेतिकडे होतात.

पदार्थाची अवस्था लिहिण्याचा आग्रह शिक्षक धरतात तो यासाठी. स्वयंपाकघरात गॅस जळून झालेली पाण्याची वाफ हवेत निघून जाते, म्हणून शेगडीला ८९० पैकी ८८ कधीच मिळत नाहीत. इंधनांची उच्च आणि निम्न उष्मांकमूल्ये वेगवेगळी छापतात त्याचे कारण हेच आहे.

कोरडा_बर्फ

एक सूक्ष्म मुद्दा राहून जातो आहे. आपण सगळे "उष्णता" आणि "एन्थॅल्पी बदल" हे शब्द अदलाबदलीने वापरत आहोत, आणि ते स्थिर दाबापुरते बरोबर आहे. एन्थॅल्पी म्हणजे आंतरिक ऊर्जा अधिक दाब गुणिले आकारमान. उघड्या हौदात किंवा उघड्या भट्टीत दाब वातावरणाचाच असतो, म्हणून दिलेली किंवा घेतलेली उष्णता थेट एन्थॅल्पी बदलाएवढी भरते. पोलादी बंद पात्रात अभिक्रिया केली, तर मोजली जाते ती आंतरिक ऊर्जेतील घट किंवा वाढ.

चुनखडीत हा फरक किती पडतो ते पाहण्यासारखे आहे. एक मोल फुटली की २५ अंशांच्या हिशोबाने जवळजवळ २४.८ लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि त्याला जागा करून देण्यासाठी भोवतालची हवा मागे रेटावी लागते. त्या कामाला २.५ किलोज्यूल लागतात. म्हणून एन्थॅल्पी बदल १७८.३ असला तरी आंतरिक ऊर्जेतील वाढ १७५.८ एवढीच असते. चुना विझवताना आणि युरिया विरघळवताना वायूचा संबंध येत नाही, तेथे हा फरक सोडून दिला तरी चालतो.

बांधावरून

युरियाचे कोडे सुटले. कोरडा_बर्फ यांचे आभार.

परीक्षानळी

सगळ्या प्रतिसादांनी मला हवे त्याहून जास्त मिळाले. एक शेवटची अडचण उरते, आणि ती प्रयोगशाळेची आहे. आमच्याकडे थर्मोकोलच्या पेल्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडिअम हायड्रॉक्साइड यांचे उदासिनीकरण करून घेतात. दोन्ही द्रावणे एक मोलरची (लिटरमागे एक मोल) आणि प्रत्येकी ५० मिलिलिटर घेतली तर प्रतिमोल उणे ५७ किलोज्यूलच्या हिशोबाने तापमान ६.८ अंश वाढायला हवे. मुलांचे उत्तर बहुधा त्याखाली येते. ते समजावता येते, कारण पेला आणि तापमापी काही उष्णता घेतात आणि काही हवेत जाते. दर अर्ध्या मिनिटाला तापमान नोंदवून आलेखाची उतरती रेघ मिसळण्याच्या क्षणापर्यंत मागे वाढवली की उत्तर पुष्कळ सुधारते. परंतु याच धाग्यातील १७८.३ हा आकडा मुलांना स्वतः मोजून कसा दाखवावा? शाळेच्या टेबलावर ९०० अंशांचा कॅलरीमापी कोण आणणार?

हिशोबनीस

भट्टीची गरजच नाही. जी अभिक्रिया मोजता येत नाही तिच्याऐवजी मोजता येणाऱ्या दोन करायच्या, हेच हेसच्या नियमाचे खरे काम आहे.

चुनखडीची पूड आणि कळीचा चुना हे दोन्ही हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळतात आणि दोन्हींतून कॅल्शिअम क्लोराइडचे तेच द्रावण मिळते. चुनखडीच्या बाबतीत प्रतिमोल उणे १५.२ किलोज्यूल आणि कळीच्या चुन्याच्या बाबतीत उणे १९३.५ येतात. पहिल्यातून दुसरा वजा केला की आम्ल, पाणी आणि क्लोराइड दोन्हीकडून गळून पडतात. उरते ती चुनखडी एका बाजूला आणि कळीचा चुना व कार्बन डायऑक्साइड दुसऱ्या बाजूला. उत्तर अधिक १७८.३.

प्रमाण असे ठेवता येईल. दोन मोलर आम्ल ५० मिलिलिटर घ्यावे, म्हणजे ते गरजेच्या दुप्पट होते आणि सगळा घन पदार्थ नक्की विरघळतो. एका पेल्यात २.५ ग्रॅम चुनखडीची पूड थोडी थोडी टाकावी, नाहीतर फेस बाहेर येतो. तापमान दोन अंशांहूनही कमी वाढेल, म्हणून दशांश अंश दाखवणारा तापमापी हवा. दुसऱ्या पेल्यात १.४ ग्रॅम कळीचा चुना टाकावा; येथे वाढ २३ अंशांच्या आसपास अपेक्षित आहे. मोल दोन्हीकडे सारखेच, एक चाळिसांश. चष्मे आणि हातमोजे दोन्ही वेळी सक्तीचे असावेत.

गोची एकाच ठिकाणी आहे, ती म्हणजे कळीच्या चुन्याची बाटली. उघडझाप झालेल्या जुन्या बाटलीतला चुना हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन आधीच अंशतः विरलेला आणि अंशतः चुनखडी झालेला असतो. त्याने आपले दोन्ही हप्ते बाटलीतच खर्च केलेले असतात. अशा चुन्याने २३ ऐवजी १५ अंश दाखवले तर आश्चर्य वाटू नये. चुना ताजा आणावा, किंवा मुशीत लाल होईपर्यंत पुन्हा तापवून कोरड्या बरणीत थंड करावा आणि लगेच वापरावा.

परीक्षानळी

हे नक्की करता येईल. आमची बाटली जुनीच आहे. म्हणून एका गटाला तिच्यातला चुना देईन आणि दुसऱ्या गटाला मुशीत तापवलेला, आणि दोन्ही गटांची उत्तरे शेजारीशेजारी फळ्यावर लिहून घेईन. तापमानातील फरकावरून जुन्या बाटलीतला किती चुना अजून कळीचाच राहिला आहे, याचा अंदाज काढायचे काम बारावी ब च्या वर्गाला देते.

बारावी_ब

मॅडम, हे गणित वार्षिक परीक्षेला नाही ना?